पाळीचं पाणी आणि मस्कतची मेल

मोतीरामने कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कापड काढलं, त्याची नीट घडी घातली आणि महेशला विचारलं, "समज, आपण झोपलोय आन् तेवढ्यात ज्ञानेशची मेल आली. तर ती कुणाकडं जाईल?"

महेश हा मोतीरामच्या चुलतबहिणीचा मुलगा. पंचवटीत तो कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. हा प्रश्न त्याला त्या सकाळी पाचव्यांदा विचारला गेला होता. त्याने पाचव्यांदा सांगितलं की मेल कुणाकडेही जात नाही. पोस्टातल्या पेटीत पत्र पडून राहावं तशी ती पडून राहते. आपण सवडीने उघडायची.

"शेजाऱ्याकडं नाय जात?"

"नाही, मामा."

मोतीरामने मान डोलावली. पण ही मान तो पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यापुढे डोलवायचा त्यातली होती. वरून हो, आतून नाही.

यात मोतीरामची चूक नव्हती. ज्यांनी पाटाचं पाणी पाहिलेलं नाही त्यांना ही गोष्ट सांगायलाच हवी. धरणातून पाणी सुटतं, पाटाने वाहत येतं आणि शेतकऱ्यांना पाळीने मिळतं. पहाटे चार ते सहा तुमची पाळी असेल, तर त्या दोन तासांत तुम्ही जागं राहून आपल्या शेताचं दार उघडं ठेवायचं. झोप लागली, दार बंद राहिलं, की पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. ते शांतपणे पुढच्याच्या शेतात जातं. वीस वर्षांपूर्वी मोतीरामला अशीच एकदा झोप लागली होती. मखमलाबादच्या शिवारातली त्याची अख्खी फ्लॉवर करपली आणि शेजारच्या केरूच्या वांग्यांना दोनदा पाणी बसलं. त्या दिवसापासून मोतीरामचा जगातल्या कुठल्याही वाहत्या गोष्टीवर विश्वास नव्हता. आणि मेल तर मस्कतहून वाहत येणार होती. मध्ये किती शेतं लागत असतील कोण जाणे.

दोन हजार एक सालचा चैत्र होता. ज्ञानेश हा मोतीरामचा एकुलता एक मुलगा. सातपूरच्या एका कारखान्यात तो वायरमन होता आणि सात महिन्यांपूर्वी मस्कतला नोकरीवर गेला होता. जाताना त्याने कारखान्याने काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला, कारण मस्कतहून फोन परवडत नाही, मेल परवडते. त्याची बायको छाया पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी, मालेगावला गेलेली होती. दिवस भरत आले होते. बातमी आज येईल की उद्या, एवढाच प्रश्न होता, आणि ती ज्ञानेशच मेलने कळवणार असं मोतीराम धरून चालला होता.

ज्ञानेशला मात्र येता येणार नव्हतं. त्याने रजा मागितली होती. त्याच्या साहेबांनी सांगितलं की वर्ष पुरं झाल्याशिवाय रजा नाही. मूल काय, पुढच्या वर्षीही मूलच असेल. घरात कोणी वारलं तर गोष्ट वेगळी. ही गोष्ट ऐकल्यापासून मोतीरामची आई आक्काबाई साहेबावर रागावून होती. आक्काबाईचं वय शहाऐंशी. नातवाने आपल्या मुलाला मांडीवर घेतलेलं बघायचं, एवढी एकच गोष्ट आता तिच्या मनात उरली होती. पतवंडाचं तोंड बघायला मिळेल, पण बापाच्या मांडीवर नाही, याचं तिला वाईट वाटत होतं. "पुढच्या वर्साचा भरवसा त्या सायबानं दिला का मला?" असं ती दिवसातून एकदा तरी विचारायची.

तर मोतीरामला दार कायम उघडं हवं होतं. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याने आपण होऊन इंटरनेटला जोडलं जावं, कोणी बटणं दाबत बसायला नको, आणि दार चोवीस तास उघडं राहावं, असं त्याचं म्हणणं होतं. महेशची बहीण घोटीला, तिच्या दिराचं लग्न, आणि बाहेर गाडी हॉर्न वाजवत उभी. त्याने समजावणं सोडून दिलं आणि मामा म्हणतील ते करून टाकलं. कॉम्प्युटर सुरू होताना कायकाय सुरू व्हावं याची जी यादी असते तिच्यात त्याने इंटरनेट घातलं. पासवर्ड विचारू नये अशी खूण केली. लाईन तुटली तर पुन्हा लाव, अशी दुसरी खूण केली. कॉम्प्युटर जुन्या पद्धतीचा होता, त्याचं बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं. त्यामुळे लाईट जाऊन परत आली, तरी तो कोणी न सांगता उठून बसायचा.

"आणि मामा, हे चालू असलं की फोन लावता येणार नाही हं," महेश चपला घालता घालता म्हणाला.

"मला कुठं लावायचाय?" मोतीराम म्हणाला.

इथेच सगळं ठरलं. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतूनच यायचं. कॉम्प्युटर फोन लावायचा, पलीकडचा कॉम्प्युटर उचलायचा, आणि त्या दोघांचं बोलणं चालू असेतोवर घरचा फोन एंगेज. आपल्याला बाहेर फोन लावता येणार नाही, एवढं मोतीरामला समजलं. बाहेरच्यांनाही आपल्याला लावता येणार नाही, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. दार म्हटलं की त्याला फक्त आपल्या बाजूने दिसायचं.

महेश गेला. मोतीरामने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. थोडा वेळ तो घरघरला. मग एकाएकी त्याच्या पोटातून टूं टूं झालं, कोंबडी मुरगळल्यासारखी एक किंकाळी आली, आणि पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज होऊन सगळं शांत झालं. मोतीरामची बायको बायडाबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानेच धावत आली. आक्काबाईने माळ कपाळाला लावली. पडद्याच्या कोपऱ्यात दोन इवले कॉम्प्युटर आळीपाळीने लुकलुकू लागले.

"ह्यो आपला," मोतीराम बोट ठेवून म्हणाला, "आन् ह्यो ज्ञानेशचा."

आक्काबाई पुढे होऊन बराच वेळ त्या दुसऱ्या, लुकलुकत्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिने बोटं कानशिलावर मोडली.

त्या रात्री मोतीराम बऱ्याच वर्षांनी निर्धास्त झोपला.

सोमवार उजाडला. मेल आली नाही. मोतीराम सकाळी वांग्यांत जाऊन आला, पडद्याकडे बघितलं. दुपारी जेवायला आला, पडद्याकडे बघितलं. महेशने त्याला दाखवून ठेवलं होतं की पाकिटाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की मेल दिसते. पण मोतीरामचा समज असा झाला होता, की दार उघडं असलं की मेल आपण होऊन पडद्यावर येऊन पडेल. पाणी शेतात शिरलं की दिसतंच, त्याला कोणी टिचकी मारत नाही.

बायडाबाईने फोन उचलून कानाला लावला. आत खळखळ, सळसळ असा विचित्र आवाज येत होता. ती दचकली. मोतीरामने रिसीव्हर तिच्या हातून घेतला, ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याने तो आक्काबाईच्या कानाला लावला.

"पानी वाहतंय की रं," आक्काबाई म्हणाली.

"तेच म्हनतो. पाळी चालू हाय."

बायडाबाईचं मन मात्र ठिकाणावर नव्हतं. चौकातल्या फोनवरून मालेगावला विचारून यावं, असं ती दोनदा म्हणाली. आक्काबाईने तिला गप्प केलं. बाळंतपणाची बातमी विचारायची नसते, असा तिचा ठाम नियम होता. विचारलं की अडतं. बातमीला पाय असतात, ती आपली आपण येते. मोतीरामच्या वेळेला तिच्या जावेने सारखं विचारलं, तर मोतीराम दोन दिवस अडून बसला होता. मोतीरामला हे लहानपणापासून ऐकवलं जात होतं, त्यामुळे त्याने वाद घातला नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्या वस्तीवर घरं दहा होती आणि फोन एक. इतर नऊ घरांनी आपापल्या पाहुण्यारावळ्यांना मोतीरामचाच नंबर देऊन ठेवला होता. लग्नपत्रिकांवर, वह्यांच्या मागच्या पानावर, एका टेंपोच्या दारावर तो नंबर लिहिलेला होता, पुढे कंसात पी.पी. म्हणजे फोन मोतीरामचा, माणूस शेजारचा. रोज संध्याकाळी पंचवटीतला टेंपोवाला धोंडीराम याच नंबरावर फोन करून, उद्या पहाटे किती माल आहे, ते विचारायचा आणि मग गाडी पाठवायचा.

सोमवारी संध्याकाळी धोंडीरामचा फोन आला नाही. मंगळवारी पहाटे टेंपो आला नाही. केरूने झेंडूच्या आठ पाट्या तोडून ठेवल्या होत्या. त्याचं घर आत, रस्ता मोतीरामच्या अंगणावरून. टेंपो येईल म्हणून त्याने पाट्या तिथेच कडुलिंबाखाली ओळीने लावल्या आणि वाट बघत बसला. दुसऱ्यांच्या कोथिंबिरीच्या जुड्या, कोबीच्या गोण्या त्याच्याशेजारी येऊन पडल्या.

"मोती, फोन बरा हाय ना तुझा?" केरूने विचारलं.

मोतीरामने त्याला आत नेलं आणि रिसीव्हर कानाला लावून दिला. केरूने ऐकलं. फोन मेला नव्हता एवढं खरं. उलट आत बरंच काही चाललेलं होतं. तो डोकं खाजवत बाहेर आला आणि सगळ्यांना म्हणाला की फोन चालू आहे, धोंडीरामच माजलाय.

धोंडीराम तिकडे पंचवटीत सोमवार संध्याकाळपासून नंबर फिरवत होता. आणि मालेगावात पुंजा फिरवत होता.

पुंजा म्हणजे छायाचे वडील, मोतीरामचा व्याही. मालेगाव कॅम्पात त्यांचं सायकलींचं दुकान. सोमवारी पहाटे छाया सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. पुंजाने साडेसहाला आनंदाने नाशिकला फोन लावला. एंगेज. सातला एंगेज. म्हटलं, व्याह्यांना कुणीतरी आधीच कळवलं असेल. दुपारी एंगेज, रात्री अकराला एंगेज. मस्कतहून ज्ञानेशचा फोन आला, त्याला बातमी कळली, त्यालाही घरचा फोन लागत नव्हता. मंगळवारी पुंजाने एक्स्चेंजला विचारलं. तिथल्या बाईने तपासून सांगितलं की लाईन उत्तम आहे, त्यावर बोलणं चालू आहे. पुंजाने विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, परवापासून.

हे ऐकून पुंजा हिशेब करत बसला. दिवसरात्र फोन कुणाच्या घरी चालू असतो? लग्नघरी, नाहीतर मर्तिकाच्या घरी. लग्न असतं तर व्याह्याला पत्रिका आली असती. आणि मोतीरामच्या घरात आक्काबाई शहाऐंशीची. पुंजाने डोक्याला हात लावला. ओल्या बाळंतिणीच्या कानावर जाऊ नये म्हणून व्याह्यांनी आपल्याला कळवलंसुद्धा नाही, केवढी ही माणुसकी, असं तो दुकानातल्या गिऱ्हाइकाला म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. ज्ञानेशचा पुन्हा फोन आला तेव्हा पुंजाला खोटं बोलवलं नाही आणि खरंही सांगवलं नाही. तो फक्त हुंदका देऊन थांबला. मस्कतमध्ये तेवढं पुरलं.

बुधवार सकाळ. धोंडीराम सलग दुसऱ्या दिवशी आला नव्हता. त्यात नुकतीच लाईटही गेलेली. वस्तीवरचे नऊ कर्ते पुरुष मोतीरामच्या अंगणात कडुलिंबाखाली बसले होते. ऊन तापायला लागल्यामुळे प्रत्येकाने उपरणं नाहीतर टॉवेल डोक्यावरून घेतलेला. कोणीच कोणाशी बोलत नव्हतं, कारण थोड्या वेळापूर्वी केरूचं आणि मोतीरामचं चांगलंच वाजलं होतं. वीस वर्षांपूर्वीच्या त्या पाळीचं पाणीसुद्धा त्यात निघालं. मध्यभागी झेंडूच्या सोळा पाट्या, आठ कालच्या, आठ आजच्या. मोतीराम पायरीवर, गुडघ्यांत मान घालून.

नेमक्या त्याच वेळी मालेगावची जीप वळणावरून आत आली.

पुढे पुंजा बसला होता. त्याने आधी माणसं पाहिली, मग त्यांची झाकलेली डोकी, मग ती शांतता आणि मग ती फुलं. त्याने हळूच टोपी काढली. मागे बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने तोंडाला पदर लावला आणि जीप थांबायच्या आत जो सूर काढला, तो पार पाटापर्यंत गेला असेल. "माय वं, कशी गेलीस वं" अशी ती रडतच उतरली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं नवंकोरं लुगडं होतं. पाहुण्यांनी गेलेल्या म्हातारीवर घालायला न्यायचं असतं, ते.

मोतीरामने मान वर केली. मालेगावची जीप. व्याही बोडका. त्याची बहीण रडतेय. हातात लुगडं. पेढ्याचा पुडा कुठेही नाही.

पाटाला भगदाड पडावं तसं आतून काहीतरी सुटलं. छाया, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्याने उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा पायरीवर बसला. दाराआड उभ्या असलेल्या बायडाबाईने ते लुगडं पाहिलं आणि भिंतीला धरून खाली सरकली.

पुंजा धावत आला आणि त्याने मोतीरामला मिठी मारली. दोन पोक्त माणसं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून रडू लागली. मोतीराम सुनेसाठी रडत होता, पुंजा आक्काबाईसाठी. कोणी कोणाला काही विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतंच. केरूला काहीच कळेना, पण मघाशी आपण मोतीला नको ते बोललो याची त्याला लाज वाटली आणि तोही डोळ्यांना टॉवेल लावून उभा राहिला. मग बाकीचे आठ उठले. एकूण अंगणात अकरा पुरुष रडत होते, आणि त्यांतल्या नऊ जणांना आपण कुणासाठी रडतोय ते ठाऊक नव्हतं.

घराला वळसा घालून, कमरेवर मेथीची पाटी घेऊन आक्काबाई आली. तिने हा सगळा देखावा पाहिला. पाटी खाली ठेवली. हात झटकले.

"कोन गेलं रं?" तिने विचारलं.

पुंजाच्या बहिणीचा सूर मध्येच तुटला. तिने आक्काबाईकडे पाहिलं, हातातल्या लुगड्याकडे पाहिलं, आणि ते पाठीमागे लपवलं. पुंजाने मोतीरामच्या खांद्यावरून बघितलं. त्याची घरची, मालेगावकडची बोली आपोआप बाहेर पडली.

"आक्का, तुम्ही तर जिवंत शेतस की."

"मी कुठं जाती?" आक्काबाई म्हणाली. मग तिचाही चेहरा उतरला. ती दोन पावलं पुढे आली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "छाया कशी हाय, व्याहीबुवा?"

"छाया?" पुंजा म्हणाला. "छाया मस्त शे. पोर व्हयनी, आक्का. सोमवारी पहाटे. दोन्ही चांगल्या शेतस."

मोतीरामने पुंजाचे दोन्ही दंड धरून त्याला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली, मग तिसऱ्यांदा. बायडाबाई भिंतीपाशी बसल्या बसल्या हसत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. दोन दिवस झाले, आणि आम्हाला कळवलं नाही, असं मोतीरामने विचारलं तेव्हा पुंजा चिडला. सव्वाशे वेळा फोन लावला, म्हणाला. दोन दिवस कुणाशी बोलत होतात एवढं?

"आमी कुनाशीच नाय बोललो," मोतीराम म्हणाला. "फोन तर गपगार पडलेला."

आणि तेवढ्यात लाईट आली.

घरात काहीतरी घरघरलं. टूं टूं झालं. मग कोंबडी मुरगळली गेली. मालेगावची माणसं दचकून मागे सरली, पुंजाच्या बहिणीने लुगडं छातीशी धरलं. पत्र्यावर वाळू पडली आणि सगळं शांत झालं.

"हे काय शे?" पुंजाने विचारलं.

"काय नाय, पाळी आली," आक्काबाई म्हणाली.

घोटीचं लग्न उरकून महेश त्याच वेळी वळणावरून चालत येत होता. अंगणातली गर्दी, जीप, फुलं पाहून तोही टोपी काढणार होता, पण त्याला टोपी नव्हती. काय झालं ते त्याला सगळ्यांनी एकदम सांगितलं. तो आत गेला, लुकलुकणारे दोन कॉम्प्युटर बघितले, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मग मोतीरामला समोर बसवून, लहान मुलाला शिकवावं तसं त्याने सांगितलं की रविवारपासून हा फोन कॉम्प्युटरच्या ताब्यात आहे. जगात कोणालाही तुम्हाला फोन लावता आला नाही. ना व्याह्यांना, ना ज्ञानेशला, ना धोंडीरामला.

धोंडीरामचं नाव ऐकून केरूने आपल्या सोळा पाट्यांकडे बघितलं. झेंडू पहिल्या दिवसासारखा राहिला नव्हता.

"पन मेल बी नाय आली," मोतीराम पडेल आवाजात म्हणाला. "दार उघडं ठिवलं, तरी नाय."

महेशने पाकिटाच्या चित्रावर दोन टिचक्या मारल्या. नऊ मेल पडल्या. त्या सोमवारपासून एकेक येऊन तिथेच पडून होत्या, एकही शेजाऱ्याकडे गेली नव्हती.

महेश मोठ्याने वाचू लागला. पहिलीत ज्ञानेशने लिहिलं होतं की मुलगी झाली, सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, सगळ्या वस्तीला जिलेबी वाटा. दुसरीत, फोन एंगेज आहे, आनंद आवरत नसणार. तिसरीत, अजून एंगेज आहे. चौथीत नुसतं, बाबा? पाचवीत, एवढं कुणाशी बोलताय. सहावीत, सासरे म्हणतात एक्स्चेंजवाले म्हणतात की बोलणं परवापासून चालू आहे, मला भीती वाटतेय. सातवी रात्री उशिराची होती. तीत लिहिलं होतं, की सासरे काही बोलले नाहीत पण मला समजलं, आणि लहानपणी आजी ताटातली साय आपल्याला कशी द्यायची ते. आक्काबाईने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. आठवीत एकच ओळ होती, साहेबांना अर्ज दिला आहे.

नववी बुधवारी सकाळची. "साहेबांनी अर्ज वाचला आणि न बोलता सही केली. महिनाभराची रजा मिळाली. आज रात्रीच्या विमानाने निघतोय, उद्या सकाळी मुंबई, दुपारी घरी. मी येईपर्यंत आजीला नेऊ नका."

सगळ्यांनी आक्काबाईकडे बघितलं.

मोतीराम ताडकन उठला. पोरगं सगळ्या वाटेने रडत येईल, हे तोड आधी, त्याला फोन लाव, आजी धडधाकट आहे म्हणून सांग, असं तो महेशला एका दमात सांगू लागला. महेशचा हात लाईन तोडायला पुढे गेलाच होता.

"थांब," आक्काबाई म्हणाली.

ती पुढे आली आणि कॉम्प्युटरजवळच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती यापूर्वी कधी बसली नव्हती.

"ह्ये चालू असलं, म्हंजी फोन लागत नाय?"

"नाही, आजी."

"कुनाचाच?"

"कुणाचाच नाही."

"मंग ऱ्हाऊ दे चालू."

मोतीराम म्हणाला, असं कसं, आई, साहेबाला कळलं तर.

"साहेब यील का मला मोजायला? मी मेल्यावर त्यो येनारच व्हता ना? मंग तवा काय मी बघायला हाय?" आक्काबाई म्हणाली. "आता यील तर दोघी बी दिसू. रडत यील आन् हसल. काय बिघडतं?"

आक्काबाईने मग पुंजाकडे वळून सांगितलं की व्याहीबुवा, तुम्ही पण वाटेत कुठे थांबून मालेगावला फोन करायचा नाही, तिथून ज्ञानेशला कळेल. विहीणबाईंना संध्याकाळी तोंडाने सांगा. पुंजाने दोन्ही हात जोडून कबूल केलं. त्याच्या बहिणीच्या हातून आक्काबाईने ते लुगडं मागून घेतलं, उलगडून उजेडात धरलं, पोत बघितला. कापड मऊ होतं. पोरीला दुपटी शिवायला बरं आहे, म्हणाली, आणि बायडाबाईकडे दिलं. केरूच्या पोराला जिलेबी आणायला पिटाळण्यात आलं. झेंडू आता बाजारात जाणार नाही तर निदान दाराला तोरण होईल, म्हणून केरू स्वतःच माळा ओवायला बसला.

दुपारी जीप गेली. महेशही गेला. आक्काबाई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती. पडद्याच्या कोपऱ्यात दोन इवले दिवे लुकलुकत होते, एक इथला, एक मस्कतचा.

चारच्या सुमाराला पंखा थांबला, पडदा काळा झाला. लाईट गेली. घर एकदम शांत झालं. आणि दोनच मिनिटांत, रविवारनंतर पहिल्यांदाच, फोन वाजला. आक्काबाई दचकून जागी झाली आणि तिने मोतीरामकडे बघितलं.

मोतीराम फोनपाशी गेला. फोन वाजायचा थांबेपर्यंत तो उभा राहिला. मग त्याने रिसीव्हर उचलला आणि पाटाचं दार लावावं तसा जपून बाजूला ठेवून दिला.